मार्ग जवळचा की मार्ग स्वस्त?

मुरबाडास आगगाडी यावी ही मागणी आमच्या भागात फार जुनी आहे. कल्याण-मुरबाड लोहमार्ग मंजूर कामांच्या यादीत आला, तरी गाडी अद्याप आलेली नाही. ती येईल तेव्हा आपला भात व भाजीपाला आपोआप स्वस्तात बाजारी पोहोचेल, अशी पुष्कळ शेतकरी बंधूंची समजूत दिसते. ही समजूत तपासून पाहणे अवश्य आहे, आणि तिची परीक्षा रुळांच्या इतिहासानेच चांगली होते.

१८५३ साली मुंबई-ठाणे गाडी धावली ती ५ फूट ६ इंच रुंदीच्या रुळांवर. हाच रुंद मार्ग पुढे कल्याणावरून वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा असा शहापूर तालुक्यातून घाट चढून गेला. पुढे खर्च वाचावा म्हणून सरकारने १८७० च्या सुमारास एक मीटर रुंदीचा मार्ग स्वीकारला. बार्शी लाइट रेल्वे तर १८९७ साली अडीच फुटी रुळांवर सुरू झाली. बांधणारांचा खर्च वाचला खरा. परंतु त्याचा बोजा माल पाठविणारावर पडला. मनमाडास रुंद मार्ग व हैदराबादकडील मीटर मार्ग एकमेकांस भेटत, आणि कुर्डुवाडीस रुंद व अरुंद मार्ग भेटत; पण एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळांवर चालत नसे. आसनगावी डब्यात चढविलेले पोते मराठवाड्याकडे जावयाचे तर मनमाडास उतरवून पुन्हा चढवावे लागे. त्यात हमाली गेली, वेळ गेला, पोती फाटली, आणि नासका माल असेल तर तो तेथेच नासला.

अशा स्थितीत उत्तम मार्ग कोणता, हे नकाशावर मैल मोजून कळत नाही. त्यास एक सोपी युक्ती आहे. जेथे दोन मापांचे रूळ भेटतात ते एक ठाणे न मानता दोन मानावीत, आणि त्या दोहोंमधील अंतर म्हणून चढ-उताराचा खर्च मांडावा. समजा, एक मार्ग ३०० किलोमीटरचा असून वाटेत एकदा माल बदलावा लागतो, व दुसरा ३६० किलोमीटरचा असून सलग आहे. माल बदलण्याचा खर्च १०० किलोमीटरच्या भाड्याइतका असेल, तर पहिला मार्ग वस्तुतः ४०० किलोमीटरचा झाला. लांबचा तोच जवळचा ठरला! घाटाचाही हिशेब असाच करावा. कसारा-इगतपुरी घाटात ३७ फुटांस १ फूट असा चढ असल्याने गाडीस जादा इंजिने लावावी लागतात; तेथील एक मैल सपाटीवरील मैलासारखा नव्हे.

मापे एक झाल्याने काय साधते याचे उदाहरण लातूरचे आहे. १९९२ पासून देशभर मार्ग एका मापाचे करण्याचे काम हाती घेण्यात आले व बार्शीचा अरुंद मार्गही रुंद झाला. म्हणूनच एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून भरलेली पाण्याची गाडी पंढरपूर-कुर्डुवाडीवरून थेट लातुरास गेली. पहिल्याच खेपेस सुमारे ५ लाख लिटर पाणी पोहोचले. जुने अरुंद रूळ असते तर रुंद मार्गाचे हे डबे त्यांवर चालूच शकले नसते.

आता आपल्या घरचा हिशेब. मुरबाडचा शेतकरी शेतातून टेम्पो भरतो. तो कल्याणास रिकामा करून माल डब्यात भरावयाचा, आणि वाशीच्या बाजारासाठी तो पुन्हा उतरवून टेम्पोत घालावयाचा, म्हणजे भेंडीसारख्या नाजूक मालाची दोनदा जादा उलाढाल झाली. रूळ आणि सडक ही देखील दोन निरनिराळी मापेच होत. इतक्या थोड्या अंतरास सडकेचा सलग प्रवासच परवडतो; रेल्वेचे स्वस्त भाडे त्या दोन चढ-उतारांत गिळले जाते. लांबच्या बाजारी जाणाऱ्या मालास व दुरून येणाऱ्या खतास मात्र आगगाडी निश्चित उपयोगी पडते, कारण तेथे हमालीचा खर्च शेकडो किलोमीटरांवर विभागला जातो.

म्हणून आमचे मत असे की, मुरबाडच्या मार्गाची मागणी करताना नुसत्या प्रवासी गाडीने संतुष्ट राहू नये. मुरबाडास मालधक्का, पावसापासून आडोसा असलेले गोदाम आणि टेम्पो थेट डब्यास लागेल असा रस्ता, या तीन गोष्टी आराखड्यातच मागाव्यात. रूळ पडून गेल्यावर त्या मिळविणे कठीण. जोपर्यंत हे होत नाही, तोपर्यंत खेड्यापासून हमरस्त्यापर्यंतचे पावसाळी खड्डे बुजविण्याचा आग्रह धरणे हेच अधिक हिताचे.

मार्ग निवडताना प्रत्येकाने मैलांबरोबर पोत्यास किती वेळा हात लागतो हेही मोजावे. पोत्यास लागणारा प्रत्येक हात अखेर आपल्याच पदरचे काही घेऊन जातो.