मौजेचा हक्क

गेल्या मे महिन्यात पंधरा वर्षांच्या भाचीला एका मनोरंजन उद्यानात नेलं. ती आपली व्हीलचेअर स्वतःच्या हातांनी चालवते. तिथला उतार इतका उभा होता, की दोघांना मागून जोर लावावा लागला. पुढे मोठ्या पाळण्यापाशी आठ पायऱ्या. कर्मचाऱ्याने मला विचारलं, "हिला उचलून आणता का?" भाची शांतपणे म्हणाली, "दादा, मला विचारा ना." हा अंक त्या वाक्यातून जन्मला.

या वयात मुलांना मोठ्यांचा हात सोडून मित्रमैत्रिणींसोबत हिंडायचं असतं. उचलून नेणं ही मदत आहे, मोकळीक नव्हे. एक फूट चढाला बारा फूट लांबीचा उतार, खडीऐवजी सपाट फरशी, खुर्ची वळेल एवढं स्वच्छतागृह, पाळण्याच्या बैठकीवर सरकता येईल अशी समपातळी जागा. एवढ्याने तिचा दिवस बदलला असता. अमेरिकेत सॅन अँटोनियो इथे २०१० मध्ये सुरू झालेल्या 'मॉर्गन्स वंडरलँड'मध्ये झोकाही व्हीलचेअरसकट घेता येतो.

आपल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातलं कलम २९ इतरांच्या बरोबरीने करमणुकीत सहभागी होण्याचा हक्क मान्य करतं. म्हणजे मौज ही कुणाची मेहेरबानी नाही.

वाचकहो, या सुट्टीत तिकीट खिडकीवर एक प्रश्न जरूर विचारा: व्हीलचेअरवरच्या मुलांना इथे काय काय खेळता येतं?