लिलावांतील कर्णभूषणें

पाचूहिऱ्यांच्या कर्णभूषणांचा लिलाव निघाला कीं यादींत कॅरट, खाण, पाचूच्या भेगांत मुरविलेलें तेल, सारें छापतात. तीं कोणाच्या कानांतून उतरलीं, तेथें मात्र 'एका कुलीन घराण्याची मालमत्ता' एवढ्यावर पुष्कळदा भागवितात. नागपूरचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें. मागोमाग हत्तीघोडे सीताबर्डीस विकले, वाड्यांतलें जडजवाहीर कलकत्त्यास विक्रीला धाडलें. राण्यांनीं हरकत घेतली, ती फुकट गेली. त्याच घराण्याच्या पहिल्या रघूजींची तलवार राज्यसरकारनें २०२५ सालीं लंडनच्या लिलावांतून ४७.१५ लाखांस सोडविली. आम्हांसही आनंद झाला. परंतु पुरुषाचें शस्त्र तेवढें राष्ट्राची ठेव आणि स्त्रीचा अलंकार धनिकाची चैन, ही वांटणी आम्हांस मान्य नाहीं. विकत घेणें न जमल्यास विक्रेत्याकडे मालकीचा कागद तरी मागा!