चाप कोणी ओढला?

2017 च्या जानेवारीत अमेरिकेच्या सैन्याने सिग सावर कंपनीच्या 'पी-320' पिस्तुलाची निवड केली. कंत्राट 58 कोटी डॉलरपर्यंतचे. त्याच महिन्यात कनेक्टिकटमधील स्टॅमफर्ड येथे एका पोलिसाच्या हातून हेच पिस्तूल होल्स्टरसकट खाली पडले आणि सुटलेली गोळी त्याच्या गुडघ्यात शिरली, असे त्याने न्यायालयात दाव्यात म्हटले. सैन्याच्या आपटणी-चाचणीतही हाच दोष उघडा पडला. कारण गहन नव्हते: पिस्तूल विशिष्ट कोनात आपटले की जड चाप स्वतःच्याच वजनाने मागे सरके. सैन्याने हलके भाग बसवून घेतले. आणि पोलीस? नागरिक? त्यांना कोणी विचारले!

ऑगस्टच्या आरंभी कंपनी छातीठोकपणे सांगत होती की, हे पिस्तूल अमेरिकी मानकांना उतरलेले आहे. डॅलसच्या पोलिसांनी ते वापरातून काढले, स्वतंत्र चाचणीत आपटताच उडणारी गोळी साऱ्या जगाने पाहिली, तेव्हा कुठे 'ऐच्छिक सुधारणा' जाहीर झाली. ऐच्छिक! घराला आग लागली असता दारात उभे राहून, पाणी हवे असल्यास अर्ज करा, असे सांगणाऱ्या परोपकाऱ्याचीच ही जात.

पण आधी खरेदीदाराचा समाचार घेऊ. 2016 मध्ये सैन्यप्रमुख जनरल मार्क मिली यांनी तीनशेहून अधिक पानांच्या निविदेची आणि दोन वर्षांच्या चाचणीची जाहीर टर उडवली होती. 1 कोटी 70 लाख डॉलर द्या, दुकानातूनच पिस्तुले आणतो, हा त्यांचा आव. पुढे सिगची बोली प्रतिस्पर्धी ग्लॉक कंपनीपेक्षा 10 कोटी डॉलरहून अधिक स्वस्त निघाली आणि चाचणीचा पुढील टप्पा न करताच निवड झाली. ग्लॉकची तक्रार फेटाळताना अमेरिकी संसदेच्या लेखा-कार्यालयाने यात नियमभंग नाही असे ठरवले. नसेलही! नियम शाबूत राहिला, गुडघा राहिला नाही.

कंपनी आजही बजावते की, चाप ओढल्यावाचून हे पिस्तूल सुटूच शकत नाही. काही दावे न्यायालयांनी फेटाळले, हे आम्ही लपवीत नाही. 2025 च्या जुलैत वायोमिंगच्या हवाईतळावर याच जातीच्या पिस्तुलाच्या गोळीने झालेल्या एका हवाईसैनिकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच हवाईसैनिकाला अटक झाली, तोही डाग आम्ही कंपनीच्या माथी मारणार नाही. परंतु जी कंपनी शस्त्र निर्दोष आहे म्हणून शपथा वाहते, जिच्याविरुद्ध 2024 मध्ये जॉर्जिया आणि फिलाडेल्फिया येथील ज्यूरींनी कौल दिले, जिच्या पिस्तुलाला मिलवॉकीच्या पोलिसांनी निरोप दिला, तिच्याच न्यू हॅम्पशायर राज्यात 2025 च्या मे महिन्यात असा कायदा होतो की, हाताने लावायची सुरक्षाकळ नव्हती एवढ्या कारणावरून शस्त्रनिर्मात्यावर दावाच चालू नये. आणि ही कळ सैन्याच्या पिस्तुलावर आहे, पोलिसांना विकलेल्या बहुतेक पिस्तुलांवर नाही! निर्दोषाला चिलखत कशाला?

याच कंपनीच्या 72,400 रायफली आपल्या लष्कराने 2019 मध्ये मागवल्या आणि 2024 मध्ये आणखी 73,000. ते शस्त्र निराळे, त्याची यंत्रणा निराळी. त्यात खोट आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु विक्रेत्याची रीत एकदा जगाने पाहिली आहे. म्हणून दिल्लीच्या संरक्षण मंत्रालयास आमचे रोखठोक सांगणे आहे: सैनिकाच्या वा पोलिसाच्या हाती जाणारे प्रत्येक शस्त्र आपटून पाहा, त्याचा निकाल छापा, आणि दोष सापडला तर ज्याच्या कमरेला ते शस्त्र आहे त्याला पहिल्या दिवशी कळवा.