शवपेटी, रांजण आणि मातीतील जागा

१/ ऑक्टोबर २०२० मध्ये इजिप्तमधील सक्कारा येथे ५९ बंद लाकडी शवपेट्या सापडल्याचे जाहीर झाले. सुमारे २,६०० वर्षे भूगर्भात राहिलेल्या त्या पेट्यांपैकी एक पत्रकारांसमोर उघडण्यात आली. अशा प्रत्येक बातमीनंतर महाराष्ट्रात एक खंत हमखास व्यक्त होते : आपल्या मातीत असे काही नाही. ही खंत निराधार आहे.

२/ पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तेथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर प्रभृतींच्या या कार्यातून इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांचे गाव उजेडात आले.

३/ तेथे मृत बालकांना दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली पुरले जाई. प्रौढांची पावले घोट्यापासून तोडलेली आढळतात. मृताने घर सोडून जाऊ नये, ही त्यामागील भावना असावी, असा तर्क आहे.

४/ एक दफन निराळे होते. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा, कच्च्या मातीचा मोठा रांजण मिळाला. आत बसवलेल्या पुरुषाची पावले शाबूत होती. घराशेजारी धान्यकोठार होते. म्हणून अभ्यासकांनी त्याला गावप्रमुख मानले.

५/ इजिप्तच्या शवपेटीवर बहुधा मृताचे नाव, पद आणि प्रार्थना लिहिलेली असते. ती जागेवरून हलवली, तरी थोडेफार बोलते. इनामगावात लेखनकला नव्हती. तेथे घर, थर आणि शेजार हाच शिलालेख. तो रांजण कोणी उकरून दिवाणखान्यात ठेवला असता, तर गावप्रमुख नाहीसा होऊन केवळ एक जुने भांडे उरले असते.

६/ हे भिवपुरी-कर्जतच्या डोंगरांत भटकणाऱ्या तरुणांनी विशेष ध्यानी घ्यावे. राजमाचीच्या पायथ्याच्या कोंडाणे लेण्यातील लेख कण्हाचा शिष्य बालक याचे नाव सांगतो. त्या काळी खोऱ्यात राबणाऱ्या शेतकऱ्या-कुंभारांची नावे मात्र कोणी कोरली नाहीत. त्यांचा इतिहास उरला असेल, तर तो खापरांतच.

७/ जेसीबीखाली चुरा होण्यापेक्षा खापर उचललेले बरे, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. परंतु नोंदीविना उचललेले खापरही निम्मे नष्टच झालेले असते.

८/ पावसाने एखादा अवशेष उघडा पडला, तर तो जागीच ठेवून छायाचित्र घ्यावे, आकार कळण्यासाठी शेजारी नाणे ठेवावे, मोबाइलवर नेमके स्थान नोंदवावे आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे. एवढ्यासाठी पदवी लागत नाही. वस्तू घरी नेण्याचा मोह तेवढा आवरावा लागतो.