प्रथिनाचें शेंपूट

वरणावर सोडलेलें तूप त्यांत न मिसळतां वर तरंगत राहतें, हें पानावर बसणाऱ्या लहान मुलासहि ठाऊक असतें. पाणी व स्निग्ध पदार्थ यांचा हा जन्माचा विरोध आपल्या शरीरांतील पेशींनीं मोठ्या चातुर्यानें कामीं लाविला आहे. पेशीचें आवरण मुख्यत्वें मेदाचें, तर आंतील रस पाण्याचा. या रसांत तरंगणाऱ्या एखाद्या प्रथिनास आवरणाशीं उभें करावयाचें झाल्यास पेशी त्यास मेदाचें एक लहानसें शेंपूट जोडते. तें शेंपूट आवरणांत रुततें आणि त्यामागोमाग प्रथिनहि तेथें येऊन स्थिरावतें.

याचें प्रसिद्ध उदाहरण ‘रास’ या प्रथिनाचें होय. पेशीनें वाढावें असा निरोप बाहेरून आला, म्हणजे तो आंत पोंचविणें हें त्याचें काम. वाड्याच्या देवडीवरील माणूस देवडीवरच हवा; तो परसांत फिरूं लागला तर पाहुण्याची वर्दी आंत कोण देणार? रासला देवडीवर बसविणारें शेंपूट १५ कार्बन-अणूंचें असून त्यास फार्नेसिल म्हणतात. ज्या रासायनिक मार्गानें शरीर कोलेस्टेरॉल तयार करितें, त्याच मार्गावर तें निर्माण होतें.

कित्येक कर्करोगांत रास बिघडतें व निरोप आलेला नसतांहि वाढीची वर्दी देत सुटतें. तेव्हां त्यास शेंपूटच जोडूं दिलें नाहीं तर? या विचारानें १९९० नंतरच्या दशकांत औषधें तयार झालीं. लोनाफार्निब हें त्यांपैकींच एक. परंतु रासच्या दोन प्रकारांनीं २० कार्बन-अणूंच्या दुसऱ्याच शेंपटाचा आश्रय केला, आणि कर्करोगावरील ही मोठी आशा बव्हंशीं विफल झाली.

औषध मात्र वायां गेलें नाहीं. २००९ सालीं आलेल्या ‘पा’ या बोलपटांत अमिताभ बच्चन यांनीं ज्या मुलाची भूमिका केली, त्याचा प्रोजेरिया हा रोग वाचकांस आठवत असेल. यांत केंस झडतात, अंगावरील मेद नाहींसा होतो, रक्तवाहिन्या कठीण होतात, आणि उपचार न झाल्यास मूल सरासरीनें चौदा-साडेचौदा वर्षांचें होऊन बहुधा हृदयविकारानें जातें. २००३ सालीं त्याचें कारण सांपडलें. लॅमिन-ए हें प्रथिन निरोप्या नव्हे; तें पेशीकेंद्राचा सांगाडा उभारतें. त्यालाहि फार्नेसिलचेंच शेंपूट लागतें, पण तें तात्पुरतें. काम होतांच शेवटला तुकडा शेंपटासकट कापून टाकिला जातो. या रोगांत जनुकांतील एकच अक्षर बदलल्यानें कापण्याची जागाच गळून जाते. शेंपूट कायम राहतें, प्रथिन केंद्राच्या आवरणास चिकटून बसतें, आणि केंद्राचा आकार वेडावांकडा होतो.

मग कर्करोगांत अपेशी ठरलेलें औषध येथें कां योजूं नये? २००७ सालीं बोस्टन येथें मुलांवर त्याचे प्रयोग सुरू झाले व नोव्हेंबर २०२० मध्यें अमेरिकन सरकारनें त्यास मान्यता दिली. त्यानें रोग बरा होत नाहीं. दीर्घकाळच्या पाहणींत आयुष्य सरासरीनें सुमारें अडीच वर्षें वाढल्याचें दिसलें. ज्याच्या वांट्यास चौदाच वर्षें आलीं, त्याच्या आईबापांस अडीच वर्षांचें मोल विचारावें!

मुलुंड-ठाण्यापलीकडील भिवंडीचा निहाल बिटला हा याच रोगाचा मुलगा. आपला रोग न लपवितां त्यानें तो लोकांस समजावून दिला. २०१६ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं तो वारला; तेव्हां हें औषध अद्याप प्रयोगावस्थेंतच होतें.

घरांत मूल निराळें जन्मास आलें कीं प्रथम बोट मातेकडे वळतें. ग्रहणांत विळी हातीं धरली, डोहाळ्यांत भलतेंच खाल्लें, माहेरच्या कुळांतच कांहीं असेल, अशीं वाक्यें अंधेरी-बोरिवलीच्या सुशिक्षित घरांतूनहि ऐकूं येतात. प्रोजेरियापुरतें पाहिलें तर हीं सर्व निराधार आहेत. हा फेरफार जवळजवळ नेहमींच नव्यानें घडतो. तो आईबापांच्या अंगीं नसतो, आणि त्यांच्या वागण्याचा त्याशीं संबंध असल्याचें कोणीं दाखविलेलें नाहीं. हा रोग स्पर्शानें पसरत नाहीं. त्या मुलाची बुद्धि त्याच्या वयास साजेशीच असते. म्हणून त्यास इतर भावंडांसारखें शाळेंत घालावें, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्याच्याशीं म्हाताऱ्यासारखें किंवा तान्ह्यासारखें बोलूं नये.

असें मूल आप्तांत असल्यास बालरोगतज्ज्ञांकडून जनुकपरीक्षा करवून घ्यावी, हृदयाची तपासणी नियमानें करावी, आणि त्याच्या मातेस दोष देणारें वाक्य घरांतील वडीलधाऱ्यांनीं स्वतः पुढें होऊन थांबवावें. औषध परदेशांतून आणावें लागेल. या शेवटच्या गोष्टीस मात्र कोठेंहि जावें लागत नाहीं.