टीव्हीच्या पेटीचा खरा धनी कोण?

मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शनचे केंद्र सुरू झाले. त्यानंतर कितीतरी वर्षे घरातल्या संचाशी आपले नाते सरळ होते. चित्र हलले की गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचा. आवाज गेला की कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलवायचे. केबलच्या डिजिटलीकरणाने हे चित्र पालटले. मुंबईसह चार महानगरांसाठी ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुदत होती. उरलेल्या देशासाठी अखेरची मुदत ३१ मार्च २०१७ ठरली. घरोघर सेट टॉप बॉक्स आले, चित्र स्वच्छ झाले, वाहिन्या वाढल्या. मात्र या पेटीच्या रूपाने घरात एक छोटा संगणकच आला आहे आणि त्याचे सॉफ्टवेअर वेळोवेळी अद्ययावत करावे लागते, हे ग्राहकाला कोणी नीट समजावून सांगितले नाही.

ही पेटी करते काय? प्रक्षेपणातून आलेले आक्रसलेले चित्र उलगडते, ग्राहकाने पैसे भरले आहेत का ते तपासते, वाहिन्यांची यादी मांडते. हे सारे सॉफ्टवेअरच्या जोरावर. त्यात चुका निघतात, प्रक्षेपणाची पद्धत बदलते, म्हणून ते सुधारावे लागते. डीटीएचच्या बाबतीत नवे सॉफ्टवेअर वाहिन्यांसोबत उपग्रहावरूनच येते. पालुपदासारखे ते पुन्हा पुन्हा प्रक्षेपित होत असते. पेटी आपल्या मॉडेलपुरते तुकडे वेचते, ते कंपनीकडूनच आल्याची सांकेतिक खूण पटवते आणि मग ते स्मृतीत उतरवून घेते.

हे काम पुष्कळदा रात्री, पेटी स्टँडबायवर असताना होते. नेमकी इथेच आपली एक चांगली सवय आडवी येते. झोपण्यापूर्वी भिंतीवरचे बटण बंद करून वीज वाचवणाऱ्या घरात पेटीला सुधारणेची संधीच मिळत नाही. मग एखाद्या संध्याकाळी, ऐन मालिकेच्या वेळी, पडद्यावर सूचना झळकते आणि घरातले कोणीतरी वैतागून वीज बंद-चालू करते. हे टाळायला हवे. चांगल्या बनावटीची पेटी नवे सॉफ्टवेअर तपासून होईपर्यंत जुने जपून ठेवते. काही स्वस्त पेट्यांत तशी सोय नसते आणि मधेच वीज गेली तर त्या कायमच्या अडकून पडू शकतात. भारनियमन सोसणाऱ्या गावांत हा धोका अधिक. म्हणून आठवड्यातून एखादी रात्र पेटी स्टँडबायवर ठेवावी आणि सुधारणा सुरू असताना तिला हात लावू नये.

प्रत्येक दुखणे सॉफ्टवेअरचे नसते, हेही लक्षात ठेवावे. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा आज डीडी फ्री डिश म्हणून ओळखली जाते. तिच्यावरील वाहिन्यांची अदलाबदल होत असते. एखादी वाहिनी दिसेनाशी झाली की पेटी बिघडली असे वाटते. प्रत्यक्षात वाहिन्यांचा नव्याने शोध घेतला की काम भागते. उलट, एमपेग-२ पद्धतीच्या जुन्या पेटीला एमपेग-४ मधली वाहिनी उलगडता येत नाही. ती मर्यादा यंत्राची आहे. कोणतेही सॉफ्टवेअर तिथे कामी येत नाही.

इंटरनेटला जोडलेल्या संचाची आणि पेटीची गोष्ट अधिक गंभीर आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये 'डॉक्टर वेब' या रशियन सुरक्षा कंपनीने १९७ देशांतील सुमारे १३ लाख अँड्रॉइड टीव्ही बॉक्समध्ये एक घातक सॉफ्टवेअर शिरल्याचे उघड केले. सर्वसामान्य ग्राहक टीव्हीला संगणक मानत नाही, त्यामुळे त्याच्या सुरक्षेचा विचारही करत नाही. सगळ्या वाहिन्या फुकट दाखवण्याचे आमिष दाखवणारी बिननावाची पेटी घेताना तिला सुधारणा कोण पुरवणार, हा प्रश्न दुकानातच विचारायला हवा.

मात्र सारी जबाबदारी ग्राहकाच्या गळ्यात मारणे न्यायाचे नाही. सॉफ्टवेअर लिहिते कंपनी, पाठवते कंपनी, आणि पाठवणे थांबवतेही कंपनीच. ते थांबले की धडधाकट संचही हळूहळू निकामी होऊ लागतो. एकेक ॲप चालेनासे होते. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून लागू केलेल्या नियमांनुसार इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या वस्तूंना सुरक्षेच्या सुधारणा किमान किती काळ मिळतील, हे उत्पादकाला जाहीर करावे लागते. आपल्याकडे संचावर विजेच्या वापराचे तारे दिसतात. सॉफ्टवेअर किती वर्षे मिळणार, हे मात्र सहसा कुठे छापलेले नसते. वस्तूचा दर्जा जाणून घेण्याचा हक्क २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिला आहे. मग संचाचे आयुष्य त्या दर्जात मोडत नाही काय?

मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करत आहे. ग्राहक चळवळ महाराष्ट्राला नवी नाही. तीस-चाळीस हजारांचा संच घेणाऱ्या कुटुंबाने किंमत आणि पडद्याचे इंच विचारावेत, तशीच सॉफ्टवेअरची मुदत विचारावी आणि ती लेखी मागावी. दुकानदाराला आज उत्तर देता येणार नाही. शंभर जणांनी विचारले, तर तो कंपनीला विचारील.