कोपीपर्यंत न पोचलेली सूचना

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी पुकारून सरकारने जनतेला ‘घरीच थांबा’ असे बजावले. तिसगाव ज्या पाथर्डी तालुक्यात मोडते, तेथील हजारो ऊसतोड कामगार त्या वेळी घरी नव्हतेच. मुकादमाची उचल फेडण्यासाठी नवराबायकोचा ‘कोयता’ पश्चिम महाराष्ट्रातील फडांत राबत होता. पाचटाच्या कोपीत अंतर पाळायचे कसे आणि पाणीच दुरून आणावे लागते तेथे घडोघडी हात धुवायचे कशाने, याचे उत्तर एकाही जाहिरातीत नव्हते. परतण्याची परवानगी मिळायला 17 एप्रिल उजाडला. तोवर गावी मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची विचारपूस कोणी करायची होती?

सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली. घोषणा सुटसुटीत खरी. पण शासनाच्या खांद्यावरचे ओझे अलगद कुटुंबाच्या खांद्यावर सरकवणारी. दारोदार फिरून ताप आणि प्राणवायू मोजणाऱ्या आशा कार्यकर्तींना तर मानधनासाठी जून 2021 मध्ये संप करावा लागला.

लशीची कथा याहून बोलकी आहे. 1 मे 2021 पासून 18 ते 44 वयोगटाला ‘कोविन’वर नोंदणी सक्तीची झाली, आणि तीही आरंभी इंग्रजीत! अखेर निरक्षर, फोन नसलेल्या माणसाने काय करावे, हे सर्वोच्च न्यायालयालाच केंद्राला विचारावे लागले.

ती साथ ओसरली. ऊसतोडीचे स्थलांतर मात्र दरसाल चालूच आहे. गळीत हंगामासाठी टोळ्या निघतील तेव्हा त्यांच्या आरोग्याची नोंद कोणता कारखाना ठेवणार, हे कार्यकर्त्यांनी ट्रक हलण्यापूर्वीच ग्रामसभेत विचारून घ्यावे.